घोड्याच्या पाठीवरचं घर

दोस्तांनो, समजा उद्या सकाळी तुमच्या आईनं सांगितलं, "चला, आवरा रे! सात महिन्यांसाठी बाहेर पडायचंय. एका घोड्याच्या पाठीवर मावेल तेवढंच सामान घ्यायचं." तर तुम्ही काय काय घ्याल? दप्तर? क्रिकेटची बॅट? गादी आणि उशी? टीव्ही तर बादच! आणि हो, त्याच घोड्यावर तुमची धाकटी बहीण बसणार आहे. शिवाय चार कोंबड्या आणि कालच जन्मलेली दोन कोकरंसुद्धा!

या सदरात आपण तऱ्हेतऱ्हेची घरं बघतो. आजचं घर मात्र एका जागी सापडायचं नाही. ते चालतं. मेंढपाळ धनगरांच्या अशा चालत्या घराला म्हणतात 'वाडा'. आपल्याला वाडा म्हटलं की दगडी जोतं, दिंडी दरवाजा आणि मधला चौक आठवतो. यांच्या वाड्याला भिंतीही नाहीत आणि छप्परही नाही. चार-पाच बिऱ्हाडं, त्यांची दोन-चारशे मेंढरं, सामान वाहणारी घोडी, राखणीची कुत्री आणि पोरंटोरं हे सगळं मिळून झाला वाडा.

साताऱ्याकडचे फलटण, माण, खटाव, सांगलीकडचे आटपाडी, जत किंवा पुण्याकडचे बारामती, इंदापूर हे तालुके नकाशात शोधा. भूगोलात तुम्ही 'पर्जन्यछायेचा प्रदेश' शिकला असाल, तो हाच. अरबी समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीला अडतात, कोकणात धो धो बरसतात आणि पलीकडे पोचेपर्यंत बरेचसे रिकामे होतात. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर फलटण-माणकडे जेमतेम पाचशे. पावसाळ्यात इकडच्या माळांवर गवत उगवतं आणि तेवढे चार महिने मेंढरांचं भागतं. दिवाळीपर्यंत गवत वाळून जातं. मग करायचं काय?

बिऱ्हाड उचलायचं आणि निघायचं! वरंध, कुंभार्ली यांसारखे घाट उतरून कितीतरी वाडे कोकणात जातात. काही वाडे घाट न उतरता देशावरच नदीकाठानं फिरतात. कोकणात उतरायचं म्हणजे सहज दीड-दोनशे किलोमीटरची चाल, आणि तीसुद्धा मेंढरांना चारत चारत.

आता तुम्ही म्हणाल, दुसऱ्याच्या गावात शेकडो मेंढरं घेऊन गेलं तर लोक चिडत नाहीत? इथेच तर खरी गंमत आहे. दिवाळीच्या सुमारास कोकणातलं भात कापून होतं आणि शेतं मोकळी पडतात. शेतात भाताची खुंटं असतात, बांधावर गवत असतं. मेंढरांना हवा चारा आणि शेतकऱ्याला हवं खत. मग शेतकरी सांगतो, "आमच्या शेतात दोन रात्री मेंढरं बसवा." रात्रभर मेंढरं शेतात बसली की लेंड्या आणि मूत दोन्ही जागच्या जागी मातीत मुरतात. खताच्या गाड्या भरायला नकोत, वाहायला नकोत, पसरायला नकोत. पूर्वी याच्या बदल्यात धान्य मिळायचं, आता बहुतेक ठिकाणी पैसे मिळतात. म्हणजे वाडा गावात शिरतो तो फुकटचं चारायला नव्हे, तर कामाला! काही शेतकऱ्यांची आणि वाड्यांची ओळख तर आजोबांच्या वेळेपासूनची असते.

तरी सांभाळावं लागतंच. भातानंतर मातीत उरलेल्या ओलीवर कोकणात वाल-पावटा पेरतात. त्या कोवळ्या रोपांत मेंढरं घुसली तर भांडण ठरलेलंच. म्हणून कुठलं शेत मोकळं, कुठलं पेरलेलं आणि पाणी कुठं मिळेल याची चौकशी करायला वाड्यातलं एखादं जाणतं माणूस पुढे जाऊन येतं.

वाड्याची सकाळ कशी असते ते बघा. तळ हलवायचा असेल तर बायामाणसं भल्या पहाटे उठतात. चूल, भांडी, पिठाचं गाठोडं, अंथरुणं, पाण्याची घागर असं सगळं घोड्यांवर लादतात. त्यावर कोंबड्यांचं डालगं. ज्यांना अजून चालता येत नाही अशी कोकरं झोळीत, आणि ज्यांना चालता येत नाही अशी माणसाची पोरंही वरतीच! घोडी घेऊन बायका आणि मुलं रस्त्यानं थेट पुढच्या मुक्कामाला जातात. पुरुष मेंढरं घेऊन माळामाळानं, चारत चारत मागून येतात. पुरुष पोचेपर्यंत इकडे तीन दगडांची चूल पेटलेली असते, पाणी आणलेलं असतं. अंगण झाडण्यापासून स्वैपाकापर्यंत घर पुन्हा उभं! परवा परत मोडायचं, पुन्हा मांडायचं.

संध्याकाळी मेंढरांभोवती 'वाघर' लावतात. वाघर म्हणजे दोरीची जाळी. खुंट्या ठोकून ती ताणली की झाला मेंढरांचा कोंडवाडा. बाहेर कुत्री जागी असतात, कारण उघड्या माळावर लांडगा केव्हा येईल सांगता येत नाही.

याच वेळी वाड्यातल्या मुलांचं मोठं काम असतं. दिवसभर कोकरं तळावर राहिलेली आणि त्यांच्या आया चरायला गेलेल्या. कळप परतला की एकच कालवा! मेंढी आपलं कोकरू वासानं ओळखते आणि दुसऱ्याचं कोकरू आलं तर ढुशी देऊन हाकलते. म्हणून कुठलं कोकरू कुणाचं हे ध्यानात ठेवून ते नेमक्या आईपाशी न्यावं लागतं. आपल्याला सगळी मेंढरं सारखीच दिसतात. वाड्यातल्या पोराला मात्र कान, तोंडावरचा ठिपका, चालण्याची ढब यांवरून एकेक वेगळी दिसते. आपल्याला वर्गातली मुलं ओळखू येतात ना, अगदी तशीच.

रात्री अंगावर घोंगडं असतं. दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी असते. स्वेटरसाठी ती टोचरी, पण घोंगड्यासाठी पक्की. विणलेल्या घोंगड्याला चिंचोक्याची खळ लावून ते टणक करतात. तेच पांघरायला, तेच अंथरायला आणि पावसात डोक्यावर घ्यायलाही तेच. पण आज या लोकरीला फारसा भाव मिळत नाही. कातरायची मजुरीसुद्धा निघत नाही, असं मेंढपाळ सांगतात. त्यांची मिळकत मुख्यतः कोकरं आणि बकरे विकून होते.

या लोकांकडे पुस्तकं नव्हती, पण गोष्टींचा साठा मात्र प्रचंड! बिरोबा, म्हसोबा, खंडोबा यांच्या लांबच लांब ओव्या त्यांनी तोंडपाठ ठेवल्या. ओवीची सुरुवात होते 'सुंबरान' मांडून. सुंबरान म्हणजे स्मरण. गुंथर सोन्थायमर नावाचे एक जर्मन अभ्यासक (१९३४–१९९२) महाराष्ट्रात आले, आपली भाषा शिकले, धनगरांमध्ये जाऊन राहिले आणि या ओव्या त्यांनी ध्वनिमुद्रित केल्या. धनगरांच्या देवांवर त्यांनी मोठा ग्रंथ लिहिला. जे आपल्या गावावरून दरवर्षी जात होतं, ते ऐकायला एक माणूस जर्मनीहून आला!

चैत्र-वैशाखात वाडे परतीला लागतात. मृगाचा पाऊस कोकणात कोसळायच्या आत घाट चढून जायलाच हवा. का? तर माळावरच्या या मेंढ्यांना सततचा पाऊस सोसत नाही. लोकर भिजून जड होते, थंडी भरते, चिखलानं खुरं कुजतात. पण पाऊस काही पंचांग बघून येत नाही. डिसेंबर २०२१ च्या सुरुवातीला भर थंडीत अवकाळी पाऊस आला आणि पुणे-नगर भागात उघड्यावर बसलेल्या शेकडो मेंढ्या एक-दोन दिवसांत दगावल्या. ज्यांचं घर, शेत आणि बँक सगळं त्या मेंढ्याच, त्यांचं काय झालं असेल?

आता सगळ्यात अवघड प्रश्न. वाड्यातल्या मुलांच्या शाळेचं काय?

२००९ सालच्या शिक्षण हक्क कायद्यानं ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाला शाळेत जायचा हक्क दिला आहे. वर्षाच्या मधेच गाव बदललं, तरी नव्या गावच्या शाळेनं नाव घालून घ्यायचं. जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून मुलाला परत पाठवायचं नाही, असं या कायद्यातच लिहिलं आहे. बालभारतीची पुस्तकंही माणला आणि महाडला सारखीच. मग अडतं कुठं? अडतं ते असं, की कायद्यानं शाळेचं दार उघडलं, पण वाडा त्या दारापुढं दोनच रात्री थांबतो! सोमवारी एका गावात, बुधवारी दुसऱ्या, शुक्रवारी तिसऱ्या. हजेरी घ्यायची तरी कुणी?

मग दरवर्षी दिवाळीला घरोघरी एक बैठक होते. कोण जाणार आणि कोण राहणार? कुणी शाळेसाठी गावी आजीजवळ राहतं. कुणाला भटक्या-विमुक्तांसाठीच्या आश्रमशाळेत घालतात. मग आई-बाप भेटतात ते थेट जूनमध्ये. आणि कुणाच्या घरी म्हातारं माणूसच नसतं, किंवा मेंढरांमागं हात कमी पडतात. तिथली मुलं वाड्याबरोबर निघतात. त्यात मुलींच्या वाट्याला बऱ्याचदा धाकट्या भावंडाला सांभाळणं येतं. शाळा निवडली तर घर सुटतं, घर निवडलं तर शाळा सुटते. तुमच्या-माझ्यावर अशी निवड करायची वेळ सहसा येत नाही.

'मग त्यांनी एका जागी राहावं की!' असं चटकन तोंडावर येतं ना? पण त्यासाठी जमीन हवी, पाणी हवं, बाराही महिने चारा हवा. तो असता तर कुणी घोड्यावर संसार बांधला असता का? उलट ज्या मोकळ्या जागांवर वाडे उतरायचे, तिथे आता कुंपणं, कारखाने आणि बंगले आले आहेत. रस्ते रुंद झाले आणि त्यांवरच्या गाड्या वेगानं धावू लागल्या. चालणाऱ्या घराला चालायला वाट कमी पडते आहे.

आता तुम्ही काय करू शकाल ते सांगतो. दिवाळीनंतर किंवा एप्रिल-मेमध्ये प्रवासात रस्त्यावर मेंढरं आडवी आली, तर गाडी चालवणाऱ्या बाबांना किंवा काकांना सांगा, "हॉर्न नका वाजवू, जरा थांबू या." हॉर्ननं एक मेंढी बुजली की तिच्यामागे अख्खा कळप पळतो, आणि कधी कधी तो समोरून येणाऱ्या ट्रकखालीच जातो. थांबलात तर दोन-पाच मिनिटांत रस्ता मोकळा होतो.

तुमच्या गावात वाडा उतरला, तर मोठ्या माणसाला बरोबर घेऊन जा. वाड्याची कुत्री अनोळखी माणसावर धावून येतात, म्हणून लांबूनच हाक द्या. पाणी भरायला आपला नळ किंवा विहीर दाखवा. तिथं तुमच्याच वयाचं कुणी भेटलं तर आधी त्याचं किंवा तिचं नाव विचारा, मग इयत्ता. वाचून झालेलं एखादं गोष्टीचं पुस्तक किंवा मासिक असेल तर द्या. ते घोड्यावर सहज मावतं. आणि कोकरू आपल्या आईपाशी कसं पोचवतात, ते शिकवायला सांगा.

आणि हो, सुरुवातीचं कोडं तसंच राहिलंय. वहीचं पान घ्या आणि एका घोड्यावर मावेल अशा दहा वस्तूंची यादी करा. पाणी, पीठ आणि अंथरूण धरून फक्त दहाच हं! मग ती यादी आई-आजीला दाखवा. त्या काय खोडतात आणि काय लिहितात, ते मला नक्की कळवा.