पहिली मॅच देवाला?

23 मार्च 2025 ला मुंबई इंडियन्स आयपीएल हंगामातला आपला पहिला सामना चेन्नईकडून चेपॉक मैदानावर हरली आणि परतीच्या तांबरम लोकलमध्ये, पिवळ्या जर्सींच्या गर्दीत, बरोबरच्या मराठी मंडळींनी निकाल देऊन टाकला: पहिली मॅच देवाला, म्हणजे चषक आपल्याला! मला हा निकाल मान्य नाही.

त्यांचा पुरावा वरवर भक्कम आहे. 2013, 2015, 2017, 2019, 2020 या पाचही विजेतेपदांच्या वर्षी मुंबई पहिला सामना हरली होती. पण 2013 ते 2025 अशी सलग तेरा वर्षं ती पहिला सामना हरलीच आहे. उरलेल्या आठ वर्षांत देव कुठे होता? 2022 आणि 2024 मध्ये तर संघ तळाला गेला.

दुसरी सबब परक्या मैदानाची. म्हणे चेपॉक हा चेन्नईचा बालेकिल्ला! त्याआधी मुंबईने हंगामाची सलामी शेवटची जिंकली होती ती 2012 मध्ये, याच चेपॉकवर. 2019 मध्ये तर इथे एकाच हंगामात दोनदा चेन्नईला हरवलं. आणि या पराभवानंतर पाचच दिवसांनी बंगळुरूने इथेच चेन्नईला 50 धावांनी लोळवलं.

मग हरलो कशामुळे? बुमराह जखमी. हार्दिक पंड्या आधीच्या हंगामातल्या संथ षटकगतीच्या शिक्षेपायी बाहेर, म्हणजे हे दुखणं घरचंच. रोहित शून्यावर गेला, चेन्नईच्या नूर अहमदने 18 धावांत चार बळी घेतले आणि 9 बाद 155 वर डाव आटोपला. (चेन्नईकडून खेळणाऱ्या पुण्याच्या ऋतुराजने 26 चेंडूंत 53 ठोकल्या तेव्हा टाळ्या वाजवाव्यात की नाही, हा इथल्या मराठी माणसाचा वेगळाच पेच.) तरीही चेन्नईला विसाव्या षटकापर्यंत झगडावं लागलं, ते विघ्नेश पुथूरमुळे. तोवर केरळच्या वरिष्ठ संघातूनही न खेळलेल्या या पोराने ऋतुराजसह तिघांना बाद केलं. सामना देवाला वाहिला म्हटलं की ना त्या शिक्षेचा जाब विचारला जातो, ना विघ्नेशचं कौतुक होतं.

मार्चमधल्या विजयालाही मेइतकेच दोन गुण मिळतात. साखळीअखेर मुंबईचे 16 गुण झाले. पंजाब आणि बंगळुरूचे 19. चेपॉक आणि त्यानंतरचा अहमदाबादचा, हे दोन सामने जिंकले असते तर 20 गुणांनी मुंबई पहिली आली असती आणि अंतिम फेरी गाठायला दोन संधी मिळाल्या असत्या. 1 जूनला बाद फेरीत पंजाबकडून हरल्यावर तिच्याकडे दुसरी संधी नव्हती.