भाड्याच्या सहीवर लॅब उभी राहत नाही

मागच्या महिन्यात विदर्भातील एका तालुक्याच्या गावाहून एक तरुण आमच्या कार्यालयात आला. ‘जयभीम साहेब’ म्हणून बसला आणि पिशवीतून पाचशे रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर टाईप केलेला करारनामा काढून आमच्यापुढे ठेवला. डी.एम.एल.टी. झालेला, सहा वर्षे दुसऱ्याच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये राबलेला हा मुलगा आता स्वतःची लॅब टाकणार होता. करार असा होता की, जिल्ह्याच्या ठिकाणचे एक पॅथॉलॉजिस्ट डॉक्टर दरमहा ठरावीक रक्कम घेऊन आपल्या सहीचा स्कॅन आणि रबरी शिक्का त्याला वापरायला देणार. डॉक्टर लॅबमध्ये येणार नव्हते, काचपट्टी पाहणार नव्हते, फोन उचलतील याचीही हमी नव्हती. शेवटचे कलम मात्र मोठे बोलके होते. रिपोर्टमध्ये काही चूक निघाल्यास सर्व जबाबदारी लॅबमालकाची राहील!

‘साहेब, फक्त एकदा नजरेखालून घाला, उद्या नोटरी करायची आहे,’ तो म्हणाला. आम्ही त्याला सांगितले, नोटरी करू नकोस. मुलाचा चेहरा उतरला. वडील नगरपरिषदेत सफाई कामगार होते, त्यांच्या निवृत्तीचे पैसे या धंद्यात जाणार होते. गाळ्याची अनामत भरून झाली होती, बोर्डही रंगवून तयार होता.

आमच्या वस्त्यावस्त्यांतून अशी शेकडो मुले आज आहेत. बारावी सायन्स झाली, एम.बी.बी.एस.ला नंबर लागला नाही, म्हणून डी.एम.एल.टी. केले. पुढे कुणाच्या तरी लॅबमध्ये तुटपुंज्या पगारावर सकाळी सातपासून सुया टोचायच्या आणि रिपोर्ट टाईप करायचे. दवाखान्याच्या दुनियेत आमच्या माणसांची जागा आजवर ठरलेलीच होती. लघवीची भांडी धुणारा आमचा, रक्ताने भरलेली चादर उचलणारी आमची, शवविच्छेदनगृहात प्रेताला हात लावणाराही आमचाच! गल्ल्यावर बसणारा तेवढा दुसरा. अशा स्थितीत आमचा मुलगा मालक होऊ पाहतो, याचा आम्हाला आनंदच आहे. म्हणूनच त्याला थांबवणे आम्हाला भाग पडले.

कायदा काय सांगतो ते आधी पाहू. गुजरातमधील पॅथॉलॉजिस्ट आणि खासगी लॅब चालविणारे तंत्रज्ञ यांच्यात वर्षानुवर्षे वाद चालला. २०१० मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने निकाल दिला आणि १२ डिसेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, पॅथॉलॉजी विषयातील पदव्युत्तर पात्रता असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरनेच रिपोर्टवर सही केली पाहिजे ही भारतीय वैद्यक परिषदेची भूमिका मान्य करून प्रकरण निकाली काढले. केंद्राने २०२० साली वैद्यकीय आस्थापनांच्या नियमात दुरुस्ती करून अगदी लहान लॅबसाठी एम.बी.बी.एस. डॉक्टरची सोय ठेवली, हे खरे. पण २०१० चा तो आस्थापना कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेलाच नाही. त्यामुळे ‘एम.बी.बी.एस.ची सही चालते’ असे कुणी सांगितले तर आमच्या मुलांनी त्यावर विसंबून राहू नये. तंत्रज्ञ म्हणून स्वतःची नोंदणीही लागते. राज्याचा परावैद्यक परिषद कायदा २०११ चा आहे, त्यावर केंद्राचा २०२१ चा कायदा आला.

लॅबची मालकी डॉक्टरकडेच असली पाहिजे असे मात्र या निकालाने म्हटलेले नाही. मालक तंत्रज्ञ असू शकतो. अट सहीची आहे आणि ती सही खरी हवी. आमच्यापुढे ठेवलेल्या करारात मालकी खरी होती आणि सही खोटी होती. असा करार १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २३ पुढे टिकत नाही, लोकहिताच्या विरुद्ध असलेला करार रद्दबातल असतो. ‘जबाबदारी लॅबमालकाची’ या कलमानेही रुग्ण बांधला जात नाही, तो ग्राहक आयोगात दोघांनाही खेचू शकतो. वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच ठरवून टाकले आहे. डॉक्टरवर परिषदेची कारवाई होईल ती वेगळीच. पण ते डॉक्टर चार वकील उभे करतील. वस्तीतला मुलगा ‘बोगस लॅबवर छापा’ या बातमीत फोटोसकट छापून येईल आणि बापाचे पैसे बुडतील.

यावर तो तरुण उसळून म्हणाला, ‘साहेब, रक्त मी काढतो, मशीन मी चालवतो, आकडा मशीन देते. मग डॉक्टर कशाला?’ त्याचा राग आम्हाला समजतो. चळवळीतल्या काही मित्रांचेही म्हणणे आहे की, हा निकाल म्हणजे वरच्यांनी आमच्या पोरांना धंद्यातून हाकलण्याचा डाव आहे. ज्याची वर्षानुवर्षांची मेहनत एका सहीपायी कवडीमोल ठरते, त्याला तसे वाटणारच. तरीही आम्ही या मताशी सहमत नाही.

का नाही, ते सिकलसेलच्या उदाहरणावरून सांगतो. विदर्भातल्या आदिवासी बांधवांत आणि आमच्या बौद्ध समाजात हा आजार किती घरांत आहे, हे वाचकांना सांगायला नको. आईबाप दोघेही वाहक असले तर प्रत्येक बाळंतपणात मूल रुग्ण होण्याची शक्यता चारात एक असते. तालुक्याच्या लॅबमध्ये त्यासाठी बहुधा सोल्युबिलिटी चाचणी होते. द्रावण गढूळ झाले की रिपोर्टवर ‘सिकल पॉझिटिव्ह’ छापले जाते. पण ही चाचणी वाहक कोण आणि रुग्ण कोण, हे सांगतच नाही! त्यासाठी हिमोग्लोबिन इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एच.पी.एल.सी. करावी लागते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळात ही साधी चाचणी फसते, अंगात रक्त फारच कमी असेल तरी फसते, आणि नुकतेच रक्त चढविले असेल तर इलेक्ट्रोफोरेसिसचा रिपोर्टही दिशाभूल करतो. हे सर्व मशीन सांगत नाही. तीन महिन्यांच्या लेकराचा ‘निगेटिव्ह’ रिपोर्ट घेऊन आई निर्धास्त घरी जाते. दुसरीकडे, केवळ वाहक असलेल्या धडधाकट मुलीच्या रिपोर्टवर ‘पॉझिटिव्ह’ एवढेच छापले जाते आणि ठरलेले लग्न मोडते. असा मोडलेला एक संबंध आम्ही जवळून पाहिला आहे. पुढे त्या मुलीची पक्की तपासणी झाली, ती वाहकच निघाली, पण तोवर मुलाकडच्यांनी दुसरीकडे सुपारी फोडली होती.

साध्या साखरेच्या तपासणीचेही तेच. रक्त योग्य नळीत घेतले नाही आणि दुपारपर्यंत तसेच पडून राहिले तर पेशी साखर खात राहतात व आकडा खाली येतो. नमुन्यातल्या लाल पेशी फुटल्या तर पोटॅशियम खोटेच वाढलेले दिसते. कोणता आकडा छापायचा आणि कोणता थांबवून रक्त पुन्हा मागवायचे, हे ठरविणारा माणूस लॅबच्या मागे असावा लागतो. अनुभवी तंत्रज्ञाला यातले पुष्कळ कळते, हे आम्ही नाकारत नाही. पण आमच्या आयाबहिणींचे रक्त तपासताना ‘पुष्कळ’वर भागवून घ्यायचे, आणि श्रीमंताने मात्र एम.डी.ची सही मागायची, ही विषमता आम्हाला मान्य नाही.

आता पैशाकडे येऊ. आमची मुले बँकेत जायला बिचकतात, कारण बँकेत त्यांचा अनुभव चांगला नसतो. तरी काही गोष्टी माहीत असाव्यात. सूक्ष्म व लघु उद्योगाच्या १० लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागू नये, अशी रिझर्व्ह बँकेची २०१० पासूनची सूचना आहे. ‘शेत आहे का, घर आहे का’ असे विचारणाऱ्या व्यवस्थापकाकडून नकार लेखी मागावा. लेखी म्हटले की पुष्कळ नकार विरघळतात! २०१९ साली सुरू झालेल्या मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात अनुसूचित जातीच्या अर्जदाराला शहरात २५ आणि ग्रामीण भागात ३५ टक्के अनुदान ठेवले गेले. अर्ज जिल्हा उद्योग केंद्रामार्फत होतो. २०१६ च्या स्टँड अप इंडिया योजनेत अनुसूचित जाती-जमातींना व महिलांना १० लाख ते १ कोटी कर्जाची सोय होती, आणि स्वतःचा २५ टक्के हिस्सा जमत नाही म्हणून राज्याने २०२० पासून त्यातले १५ टक्के देऊ केले. ती केंद्राची योजना मार्च २०२५ पर्यंतची होती. किती मुलांना तिची खबर लागली? आमच्या मेळाव्यांतून कर्जमाफीवर भाषणे होतात, कर्ज कसे मिळवायचे यावर होत नाहीत.

मशीनच्या बाबतीत आणखी एक सापळा आहे. कंपनीचा माणूस येतो आणि म्हणतो, ‘मशीन फुकट बसवून देतो, फक्त रसायने आमच्याकडूनच घ्या.’ करारात बारीक अक्षरात दरमहा किमान खरेदीचा आकडा असतो. रुग्ण दहा आले काय आणि शंभर आले काय, तेवढी रसायने घ्यावीच लागतात. अशा करारावर सही करण्यापूर्वी तो वकिलाला दाखवावा. आम्ही त्याची फी घेणार नाही, एवढे येथे लिहून ठेवतो. नव्या लॅबने सूक्ष्मदर्शक, सेंट्रिफ्यूज, फ्रीज, साधा अर्धस्वयंचलित अॅनालायझर आणि रक्तपेशी मोजण्याचे लहान यंत्र यावर सुरुवात करावी, हेच बरे.

परंतु या धंद्यातली खरी कीड आहे ती कटची. तो तरुण सांगत होता, ‘मी गावातल्या डॉक्टरांना भेटून आलो. पहिला प्रश्न एकच, किती देणार?’ शंभरातले तीस-चाळीस रुपये चिठ्ठी लिहिणाऱ्याला जातात, असा त्याचा सहा वर्षांचा अनुभव. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमातील ६.४ वे कलम अशा कमिशनला स्पष्ट मनाई करते, आणि तपासणीच्या नमुन्यांनाही ते लागू आहे. राज्य सरकारने २०१७ मध्ये कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदा केला, त्याचा कायदा झाला नाही. आता ज्याच्या वडिलांनी आयुष्यभर झाडू मारला, त्याने पाकीट कुठून भरायचे? आणि पाकीट भरायचे तर ते शेवटी कुणाच्या खिशातून निघते? नको असलेल्या चार तपासण्या लिहून घेतलेल्या रोजंदारीवरच्या बाईच्याच ना! शिवाय पाकीट दिले तरी आडनाव वाचून चिठ्ठी दुसरीकडे वळते, हेही आम्ही ऐकून आहोत.

यावर आमच्याकडे जादूची कांडी नाही. दरपत्रक दारावर मोठ्या अक्षरात लावावे, कटचे पैसे वगळून दर ठेवावेत आणि लोकांना थेट येऊ द्यावे. मधुमेह, थायरॉईड, हिमोग्लोबिन या तपासण्या लोक पुन्हा पुन्हा करतात, त्यांच्यावर लहान लॅब तगू शकते. उत्पन्न पहिली दोन वर्षे कमी राहील, हे घरात आधीच सांगून ठेवावे. १४ एप्रिलला शिबिर घ्यायचे तर अवश्य घ्यावे, पण रिपोर्ट घरोघरी पोहोचवण्याची तयारी असेल तरच. बॅनरवर पुढाऱ्याचा फोटो, दोनशे लोकांचे रक्त आणि रिपोर्ट कुणालाच नाही, अशी शिबिरे आम्ही पुरेशी पाहिली!

आणखी दोन गोष्टी सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. पहिली कचऱ्याची. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्राधिकारपत्र घ्यावे लागते आणि अधिकृत कचरा केंद्राशी करार करावा लागतो. सुया पांढऱ्या न भोसकणाऱ्या डब्यात, नळ्या लाल पिशवीत. केंद्राची गाडी रोज येत नाही म्हणून सुया घंटागाडीत टाकणारे आहेत. ती घंटागाडी हाताने निवडणारी बाई कोण असते, हे आमच्या लॅबवाल्या मुलाला कुणी सांगायला हवे काय? तिच्या बोटात सुई घुसली तर तिला कावीळ किंवा एच.आय.व्ही. होऊ शकतो.

दुसरी गोष्ट गुप्ततेची. एच.आय.व्ही.ची तपासणी माणसाची संमती घेतल्याशिवाय करता येत नाही आणि निकाल बाहेर फोडता येत नाही. २०१७ चा कायदा तसे सांगतो, तो सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. तालुक्याच्या गावात लॅबवाला सर्वांचा ओळखीचा असतो. चहाच्या टपरीवर एक वाक्य सुटले तरी एखादे घर गावातून उठते.

मग त्या तरुणाने सहीचे करायचे काय? आम्ही त्याला विचारले, आपल्या समाजातली पॅथॉलॉजीची एम.डी. कुणी ओळखीची आहे का? तो म्हणाला, आहेत एक ताई, जिल्ह्याला असतात, पण त्यांना विचारायला भीती वाटते. आम्ही फोन लावला. राखीव जागेवर शिकून एम.डी. झालेले आमचे डॉक्टर जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. त्यातले काही वस्तीत पाय ठेवत नाहीत, हे आम्ही या पानावर पूर्वीही बोलून घेतले आहे. पण त्यांना कुणी रीतसर, हिशेबाने विचारतही नाही. आपल्याला वर्गणी मागता येते, भागीदारी मागता येत नाही. ताईंनी उपकार म्हणून सही द्यावी, असे आमचे म्हणणे नाही. लॅबमध्ये हिस्सा घ्यावा आणि नफ्यातला वाटा न्यावा.

ताई तयार झाल्या, पण सहज नाही. मशीनची रोजची नियंत्रण तपासणी होणार का, काचपट्ट्या जपून ठेवणार का, शंका आली तर रिपोर्ट थांबवण्याचा अधिकार मला राहील का, असे त्यांनी त्या मुलाला अर्धा तास फोनवर उलटे तपासले. मुलगा घामाघूम झाला. फोन ठेवल्यावर मात्र म्हणाला, ‘सहा वर्षांत मला हे कुणी विचारलंच नव्हतं.’

नव्या भागीदारीपत्राचा मसुदा आता आमच्या टेबलावर आहे. भागीदारी संस्थेची नोंदणी करायचीच, असे आम्ही दोघांना बजावले आहे. १९३२ च्या कायद्याच्या कलम ६९ प्रमाणे नोंदणी नसलेल्या संस्थेला आपली येणी वसूल करण्यासाठी दावा लावता येत नाही. ताई आठवड्यातून दोन दिवस प्रत्यक्ष येणार, शंकास्पद नमुने त्यांच्याकडे जाणार, आणि सिकलसेलचा एकही रिपोर्ट पक्क्या तपासणीशिवाय अंतिम म्हणून निघणार नाही, असे कलम त्यांनी स्वतः घालून घेतले. मसुद्यात एकच मुद्दा अजून अडला आहे, नफ्याच्या वाटणीचा. मुलगा निम्मे द्यायला तयार आहे, ताई म्हणतात पहिली दोन वर्षे तिसरा हिस्सा पुरे. रंगवून ठेवलेल्या बोर्डवर डॉक्टरांचे नाव नव्हते. तो पुन्हा रंगवायला टाकला आहे.