आखाजीला गावी या, मुलांना घेऊन या

उन्हाळ्याच्या सुट्टीची तिकिटं काढण्याआधी पंचांग उघडा आणि वैशाख शुद्ध तृतीया, म्हणजे आपली आखाजी, कधी आहे ते बघा. कधी एप्रिलच्या उत्तरार्धात येते, कधी मे महिन्यात. कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा या आपल्या कसमादे पट्ट्यातून नाशिक, पुणे, मुंबई, सुरतेला गेलेल्या प्रत्येक घराला माझी विनंती आहे: यंदा बाकी कुठे जायचं ते जा, पण आखाजीच्या आगेमागे आठ दिवस गावासाठी राखून ठेवा. आणि एकटे येऊ नका, मुलांना आणा.

आता बरीच कुटुंबं उन्हाळ्यात युरोपला जातात. जरूर जावं. पण इटलीत गेलात तर तिथली खेडी बघा. उन्हाळ्यात तिकडे गावोगाव ‘साग्रा’ भरते. गावाचा जो पदार्थ, त्याची जत्रा. गावकरीच रांधतात, लांबलचक टेबलं मांडून वाढतात, शहरात गेलेली लेकरंबाळं त्या दिवसांत परत येतात. 1986 मध्ये रोमच्या मध्यवस्तीत मॅकडॉनल्ड्स उघडलं, तेव्हा कार्लो पेत्रिनी आणि त्यांच्या सोबत्यांनी विरोध केला आणि त्यातून ‘स्लो फूड’ चळवळ उभी राहिली. आपल्या गावच्या ताटाचा एवढा अभिमान ती माणसं धरतात. आपल्याकडे खापरावरचा मांडा आहे, आणि आपल्याच मुलांनी तो कसा होतो हे डोळ्यांनी पाहिलेलं नाही.

म्हणून आधी त्यांना चुलीजवळ बसवा. कणीक वस्त्रगाळ हवी आणि ती भरपूर मळून, तिंबून घ्यावी लागते. दोन पुऱ्या लाटायच्या, मध्ये पुरण, कडा दाबून बंद. मग पोळपाट बाजूला. पोळी दोन्ही हातांवर घेऊन या हातावरून त्या हातावर फिरवत फिरवत मोठी करायची, कोपरापर्यंत पसरली तरी फाटता कामा नये. आणि तशीच चुलीवर पालथ्या घातलेल्या तापल्या खापरावर टाकायची. सोबत आमरस, तूप, पुरणाच्या कटाची रशी, तळलेली कुरडई. पहिली पोळी मुलांची फाटेल, फाटू द्या. ज्या बाईच्या हातात ही कला आहे ती बहुधा पन्नाशीच्या पुढची आहे, आणि तिच्यामागे शिकणारी सून-लेक प्रत्येक घरात नाही. तिच्याशेजारी बसून कुणीतरी शिकायला हवं, मुलगा शिकला तरी चालेल.

जमल्यास आखाजीच्या दोन-तीन दिवस आधीच पोचा, कारण कुरडया सणाआधी आणि पहाटेच कराव्या लागतात. गहू तीन दिवस भिजत घातलेले असतात, रोज पाणी बदललेलं असतं, वाटून काढलेला चीक रात्रभर निवळलेला असतो. चार-साडेचारला चुलीवर तो चीक शिजायला लागला की घरातल्या कुठल्याही पोराला उठवावं लागत नाही. गरम चिकावर तेल घालून किंवा दूध-साखर घालून वाटीभर द्या. मग साच्यातून कुरडई पाडणं, गच्चीवर धुतलेल्या लुगड्यावर ओळीने घालणं, चिमण्या हाकलणं ही कामं त्यांच्यावर सोपवा. ज्वारीचे बिबडेही याच दिवसांत होतात. इथे आलेल्या मुलाला पाहुणा करून ठेवू नका. मोबाईल काढून घेण्यापेक्षा हाताला काम देणं सोपं असतं.

सणाच्या दिवशी घागर भरतात, तिच्यावर खरबूज, आंबे, सांजोऱ्या ठेवतात आणि पितरांच्या नावाने आगारी टाकतात. त्या वेळी आजोबा-पणजोबांची नावं मुलांच्या कानावर पडू द्या. कोण कुठून आलं, कोणत्या शेतात विहीर कुणी खोदली, हे त्याच वेळी सांगावं. माहेरवाशिणींनाही आग्रहाने बोलवा. हा सणच त्यांचा आहे, निंबाला झोका त्यांच्यासाठी बांधला जातो आणि गौराईची गाणी त्यांनाच येतात. ती अहिराणीतच म्हणू द्या, आणि आजीनेही नातवंडांशी अहिराणीतच बोलावं. पोरं आठ दिवसांत समजायला लागतात. एक गोष्ट पुरुष मंडळींना स्पष्ट सांगतो: आखाजीच्या नावाखाली रंगणारे पत्त्यांचे अड्डे यंदा बंद करा. सालदाराचं सालही याच दिवशी संपतं आणि नवं ठरतं. त्याच्या हाती आलेला पैसा घरी जाऊ द्या.

फिरायला ठिकाणं कमी नाहीत. कळवण-नांदुरीमार्गे सप्तशृंग गडावर जा, म्हाताऱ्या माणसांसाठी आता ट्रॉली आहे. रामनवमी ते चैत्र पौर्णिमा तिथे चैत्रोत्सव असतो आणि खान्देशातून पायी येणारे भाविक आपल्याच रस्त्यांनी जातात. त्या दिवसांत गावी असाल तर घरासमोर माठ आणि सावलीची सोय करा. भावडबारी ओलांडली की चांदवडला रेणुकामातेचं मंदिर आणि अहिल्यादेवींचा रंगमहाल आहे. साल्हेर राज्यातला सर्वांत उंच किल्ला, 1567 मीटर, 1672 ची लढाई मराठ्यांनी जिंकली ती त्याच्याच पायथ्याशी, आणि 2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात त्याची नोंद झाली. पण वैशाखात लहान मुलांना घेऊन तो चढू नका. हिवाळ्यात या. कळवण-सुरगाण्याच्या आदिवासी पाड्यांत कुठे बोहाडा असेल तर रात्र जागवून बघा. मुखवटे, संबळ, पहाटेपर्यंतची सोंगं, मुलं जन्मभर विसरणार नाहीत.

उन्हाचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. पारा चाळिशीच्या पुढे जातो. अकरा ते चार मुलं घरात, पाणी सतत, बाहेरचं सगळं सकाळी आणि संध्याकाळी. चाळीत उन्हाळ कांदा भरायचं काम बघायचं असेल तर तेही सकाळीच दाखवा.

आणि आता जे सर्वांत महत्त्वाचं, ते गावात राहणाऱ्यांना. शहरातली मुलं पाणी दिसलं की धावतात. आपल्या कित्येक विहिरींना कठडा नाही. शेततळं तर त्याहून वाईट: वरून उथळ, शांत दिसतं, पण आतला प्लास्टिकचा कागद ओला झाला की मोठ्या माणसाचाही पाय टिकत नाही, हाताला धरायला काही सापडत नाही. दर उन्हाळ्यात अशा बातम्या येतात. तळ्याभोवती जाळी मारा, चारी बाजूंनी गाठी मारलेले जाड दोर काठाच्या खुंट्यांना बांधून आत सोडून ठेवा, फुगवलेली एखादी ट्यूब काठावर असू द्या. पोहायला शिकवायचंच असेल तर पायऱ्यांच्या विहिरीत, कमरेला दोर बांधून, पोहता येणारा माणूस पाण्यात असताना. झोक्याचा नाडाही नवा घ्या, गेल्या वर्षीचा उन्हाने कुजलेला असतो. पाहुणे यायच्या आधीच्या आठवड्यात ही कामं उरकून टाका.