कंपासपेटी उसनी, हक्कही उसनाच?

आमच्या वस्तीतल्या अभ्यासवर्गात सातवीतली एक मुलगी रडत आली. भूमितीच्या तासाला तिने शेजारणीला कंपासपेटी दिली, कर्कटकाचा स्क्रू हरवला आणि घरी आईचा मार बसला. आई चार घरची धुणीभांडी करते. नवी पेटी कुठून आणणार? दुसऱ्या दिवशी परिपाठाला बाईंनी याच मुलीचे कौतुक केले. 'हिच्यासारखे द्यायला शिका!' जिला पेटी नव्हती, ती सगळ्यांसमोर मान खाली घालून उभी. पुढच्या भूमितीच्या तासाला तिचे पोट दुखले. त्याच्या पुढच्याही.

मैत्रिणींनो, मुलींच्या माणुसकीबद्दल मला आदरच आहे. पाण्याची बाटलीसुद्धा जात बघून पुढे करणाऱ्या समाजात पट्टी-पेन्सिल या हातातून त्या हातात जाते, ही लहान गोष्ट नाही. माझा राग आहे तो कौतुक करणाऱ्या व्यवस्थेवर. शासनाने द्यायच्या वस्तू मोलकरणीच्या मुलीच्या दप्तरातून भागवायच्या आणि वर त्याला संस्कार म्हणायचे, ही कुठली रीत?

२००९ चा शिक्षणहक्क कायदा सांगतो की, शिक्षणात अडथळा ठरेल असा कोणताही खर्च सहा ते चौदा वर्षांच्या मुलावर पडता कामा नये. केंद्राच्या २०१० च्या नियमांत पुस्तके, गणवेश यांच्यासोबत लेखनसाहित्यही मोफत आहे. प्रत्यक्षात काय? २०२३-२४ पासून पाठ्यपुस्तकातच कोरी पाने शिवली, म्हणे गरिबाला वही नको. २०२५ मध्ये ती पाने बंद झाली. २०२४-२५ मध्ये 'एक राज्य, एक गणवेश' आला आणि शाळा सुरू होऊन महिने लोटले तरी अनेक मुले गणवेशाविना राहिली. प्रयोग शासनाचे, उसनवारी पोरांची!

आणि देण्याची सक्ती कुणावर? 'तू समजूतदार आहेस ना, दे तिला' हे वाक्य मी मुलग्यांना उद्देशून क्वचितच ऐकले आहे. घरात भावाला द्यायचे, शाळेत वर्गाला द्यायचे. बाईच्या त्यागाचा पहिला धडा हाच.

कोणी विचारेल, मग मुलींनी देऊ नये का? जरूर द्यावे. मैत्री म्हणून द्यावे, शाळेची सोय म्हणून नव्हे. न देण्याचीही मुभा असेल, तरच ते देणे.

याच कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असल्याच पाहिजेत. तिथे आपल्या बाया सहीपुरत्या बसतात. आता तोंड उघडू या. प्रत्येक वर्गात शाळेच्या मालकीच्या कंपासपेट्या, वह्या, पेन्सिली हव्यात; मागणाऱ्या मुलीला उभे न करता मिळायला हव्यात. आणि हा हक्क आठवीला संपतो, तो दहावीपर्यंत न्या. नववीच्या उंबरठ्यावरच तर आपल्या पोरी गळतात.

कौतुक पुरे. कंपासपेटी द्या!