ऐनवेळची सीट

ऑगस्टमध्ये एखाद्या युनिव्हर्सिटीतून फोन येतो, "एक सीट रिकामी आहे, आजच फी भरा." घरात पेढे वाटले जातात आणि दोन दिवसांनी पोरगं गप्प गप्प. "मिळालंय ना, आता कसले नखरे?" मला हे अजिबात पटत नाही. तासाभरात घेतलेला निर्णय चार वर्षं निभवायचाय, शंका येणारच! यूजीसीने २०१८ मध्ये ठरवून दिलंय: प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेनंतर १५ दिवसांत प्रवेश रद्द केला तर ८० टक्के फी परत, ३० दिवसांपर्यंत ५०, नंतर शून्य. (एखाद्या वर्षी जास्त सवलतही असते.) मूळ सर्टिफिकेटंही अडकवून ठेवता येत नाहीत. तेव्हा आईबाबांनो, त्या १५ दिवसांत पोराला वर्गात बसू द्या, सीनिअर्सना गाठू द्या. पेढ्यांचं बघू नंतर.