'माय फादर आर अ फार्मर' : चूक नेमकी कुणाची?

पोस्ट थोडी लांब आहे. पण ज्यांच्या घरात शाळेत जाणारं पोर आहे किंवा स्पर्धा परीक्षेची तयारी करणारं कुणी आहे, त्यांनी शेवटपर्यंत वाचावी ही विनंती.

रविवारी सकाळी गावातली काही मुलं माझ्याकडे इंग्रजीसाठी बसतात. फी नाही, बोर्ड नाही, ओसरीवर सतरंजी टाकली की क्लास सुरू. मध्यंतरी सहावीतल्या एकाने शाळेची वही आणून दाखवली. 'माय फॅमिली' या विषयावर दहा ओळी लिहिल्या होत्या. तिसरी ओळ, 'माय मदर इज अ फार्मर.' बरोबरची खूण. चौथी ओळ, 'माय फादर आर अ फार्मर.' त्यातल्या 'आर'भोवती लाल गोल आणि खाली शेरा : साधं इज-आर येत नाही?

मी त्याला विचारलं, "अरे, आईचं वाक्य बरोबर लिहिलंस. मग वडिलांच्या वेळी काय झालं?"

तो म्हणाला, "सर, वडिलांना 'इज' कसं म्हणायचं? ते 'आहेत' ना?"

दोन मिनिटं मला काही सुचलं नाही. कारण पोराचा हिशेब चोख होता. मराठीत आई 'आहे' आणि वडील 'आहेत'. आई शेतात जाते, वडील शेतात जातात. आई एकेरी, वडील आदरार्थी बहुवचनात. त्याने ते जसंच्या तसं इंग्रजीत नेलं. त्याला व्याकरण येत नव्हतं असं नाही. त्याला मराठीचं व्याकरण पक्कं येत होतं, म्हणून ती चूक झाली.

खरा त्रास पुढे आहे. पुढच्या वेळी 'माय ग्रँडफादर' असा विषय आला, तेव्हा त्याने स्वतःचं एकही वाक्य लिहिलं नाही. गाईडमधून उतरवलं. गाईडमधले आजोबा रिटायर्ड शिक्षक, रोज सकाळी बागेत फिरायला जाणारे आणि पेपर वाचणारे. ह्याच्या आजोबांनी आयुष्यभर मेंढरं राखली. पण लाल गोल एकही आला नाही, पूर्ण मार्क मिळाले. म्हणजे त्या पोराने धडा काय घेतला? स्वतःच्या घरातलं लिहिलं की चुकतं, दुसऱ्याचं उतरवलं की बरोबर येतं.

मंडळी, कर्ता आणि क्रियापद यांचा मेळ हा काही निव्वळ मास्तरांचा विषय नाही, तो आपल्या सगळ्यांचा विषय आहे, असं मी म्हणतो ते यासाठी.

महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना तो निर्णय झाला. तेव्हा पहिलीत गेलेली पोरं आज तिशी ओलांडून गेली. त्यांच्यातली कितीतरी आजही अर्ज लिहिताना 'ही वर्क' की 'ही वर्क्स' इथे अडकतात आणि मग शेजारच्याला विचारतात किंवा मोबाईलला विचारतात. ही पोरं आळशी होती का? अजिबात नाही. हजारो रिकाम्या जागा भरल्यात त्यांनी. मग सराव एवढा होऊनही मेळ का बसत नाही?

माझं मत सरळ आहे. आपण सराव इंग्रजीच्या नियमांचा घेतो, पण चुका होतात मराठीच्या सवयीमुळे. त्या सवयीकडे कुणी बघतच नाही.

आधी एक गोष्ट मान्य करू. मेळ ही कल्पना आपल्या पोरांना नवी नाही. चार वर्षांचं मराठी पोर बोलतं : मी आंबा खाल्ला, चिंच खाल्ली, केळं खाल्लं, आंबे खाल्ले, चिंचा खाल्ल्या. खाणारा एकच, पण खाल्लेल्या वस्तूचं लिंग आणि वचन बघून क्रियापद बदलतं. इंग्रजीत या सगळ्याला एकच शब्द, 'एट'. आपल्याकडे मुलगा म्हणतो 'मी जातो', मुलगी म्हणते 'मी जाते'. इंग्रजीत दोघांनाही 'आय गो'. आपल्या व्याकरणात कर्तरी, कर्मणी, भावे असे तीन प्रयोग आहेत, आणि शाळेत जायच्या आधी पोराला ते तिन्ही वापरता येतात. एवढं अवघड गणित तोंडी सोडवणाऱ्या पोराला आपण सांगतो, तुला साधं इज-आर येत नाही!

बरं, इंग्रजीतला तो 'एस' तरी खरंच साधा आहे का? रॉजर ब्राउन या अमेरिकन अभ्यासकाने तीन लहान मुलांचं बोलणं वर्षानुवर्षं नोंदवलं आणि 1973 मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. इंग्रजी हीच मातृभाषा असलेली ही मुलं. व्याकरणाची चौदा रूपं ती कोणत्या क्रमाने शिकतात ते त्याने पाहिलं. नामाच्या अनेकवचनाचा 'एस' चौथ्या नंबरवर आला. क्रियापदाचा 'एस' थेट दहाव्या. म्हणजे ज्यांच्या घरात इंग्रजीच बोलतात, त्यांच्या पोरांनाही तो उशिराच येतो. इंग्लंडच्या पूर्वेकडच्या ईस्ट अँग्लिया भागात तर जुन्या बोलीत लोक 'शी गो' असंच म्हणत आले आहेत. तिथे त्यांना कुणी अडाणी म्हणत असेल तर तोही अन्यायच.

याचा अर्थ 'एस' सोडून द्या असा नाही. परीक्षेत मार्क जातात, अर्ज बाजूला पडतो, मुलाखतीत समोरचा भुवया उंचावतो. हे जग तसंच आहे आणि आपली पोरं त्याच जगात नोकरी मागणार आहेत. म्हणून मेळ शिकवायचाच. फक्त कुठे घसरायला होतं ते ओळखून शिकवायचा. माझ्या ओसरीवर मला ज्या जागा सापडल्या त्या सांगतो.

पहिली जागा, आदर. वर सांगितलीच. वडील, आजोबा, काका, सर, साहेब, सगळ्यांना पोरं 'आर' लावतात. इलाज एका वाक्याचा आहे : इंग्रजीत माणसं मोजायची, मान मोजायचा नाही. पण एवढ्यावर थांबू नका. पोराला 'यू आर'ची गोष्ट सांगा. समोर एकच माणूस असला तरी इंग्रज 'यू आर' का म्हणतो? कारण पूर्वी त्यांच्याकडेही एकेरी 'तू'साठी 'दाऊ' असा वेगळा शब्द होता, आणि 'यू' हा अनेकांसाठी होता. मग मान द्यायचा म्हणून एकट्या माणसालाही 'यू' म्हणू लागले, आणि हळूहळू 'दाऊ' मागेच पडला. म्हणजे आपलं 'तुम्ही आहात' तेच त्यांचं 'यू आर'. हे सांगितलं तेव्हा आमच्या पठ्ठ्याचा चेहरा खुलला. म्हणाला, "म्हणजे त्यांच्यात पण होतं!" त्यानंतर 'फादर इज' कधी चुकलं नाही.

दुसरी जागा, मोजणी. आपल्याकडे केस काळे 'आहेत', पैसे 'आहेत', म्हणून पोरं 'हेअर आर', 'मनी आर' लिहितात. इंग्रजीत दोन्हीकडे 'इज'. उलट आपली कात्री एक, चष्मा एक, पॅन्ट एक. इंग्रजीत 'सिझर्स आर', 'स्पेक्टकल्स आर', 'ट्राउझर्स आर'. आपण म्हणतो पोलीस आला, तिथे 'पोलीस आर'. बातम्या अनेक, पण 'न्यूज इज'. ही यादी इंग्रजीच्या जाड पुस्तकात विखुरलेली असते. मराठीशी जोडून मांडली तर वहीच्या अर्ध्या पानात बसते.

तिसरी जागा सगळ्यात फसवी, आणि स्पर्धा परीक्षेवाल्यांनी इथे लक्ष द्या. एमपीएससीची संयुक्त मुख्य परीक्षा असो की स्टाफ सिलेक्शनची, इंग्रजीत 'चूक ओळखा' छापाचे प्रश्न येतात. तिथे 'द बॉक्स ऑफ मँगोज हॅव कम' असं वाक्य समोर आलं की आपला गडी म्हणतो, बरोबर आहे. का? मराठीत आपण म्हणतो, 'आंब्यांची पेटी आली'. कर्ता 'पेटी', आणि तो क्रियापदाला चिकटून. 'गावातल्या पोरांचा मोर्चा निघाला', कर्ता 'मोर्चा', तोही क्रियापदाशेजारी. त्यामुळे क्रियापदाच्या लगतच्या नामाकडे बघायची आपल्याला सवय असते, आणि अशा वाक्यांत मराठी आपल्याला धोका देत नाही. इंग्रजीत क्रम उलटा. पेटी आधी, आंबे नंतर, म्हणून क्रियापदाला खेटून 'मँगोज' बसतात. पेपर काढणारा नेमकं तिथेच गाठतो. युक्ती सोपी आहे. वाक्याचं मनात मराठी करा. 'आली' कोण? पेटी. पेटी एक. मग 'हॅज'. क्लासवाले याचे वेगवेगळे नियम करून पाठ करायला लावतात. 'लिस्ट ऑफ'चा एक, 'क्वालिटी ऑफ'चा दुसरा. खरं तर प्रश्न एकच विचारायचा आहे.

चौथी जागा, 'देअर इज' आणि 'देअर आर'. मराठीत 'वर्गात चाळीस मुलं आहेत' म्हणताना क्रियापद शेवटी येतं, तोवर मोजून झालेलं असतं. इंग्रजीत 'देअर' म्हटलं की लगेच ठरवावं लागतं, इज की आर. मोजायचं अजून पुढेच असतं. म्हणून पोरांना सांगतो, तोंड उघडायच्या आधी मोजा.

पाचवी जागा, 'एस' दोनदा लागणं. 'शी डझंट गोज', 'डज ही वर्क्स'. इथे 'एस' आधीच 'डज'मध्ये जाऊन बसलेला असतो. एका घरात एकच. पण हीच युक्ती काही जण कर्त्यालाही लावतात : कर्त्याला 'एस' असला तर क्रियापदाला नाही. 'बॉईज प्ले' इथे ती चालते, 'चिल्ड्रन प्ले' म्हटलं की कोसळते. तिथे दोन्हीकडे 'एस' नाही आणि पोरगं गोंधळतं. म्हणून असल्या तोडग्यांवर भिस्त ठेवू नका.

आता सराव कसा घ्यायचा? रिकाम्या जागा भरून 'एस' कागदावर येतो, तोंडात येत नाही. आम्ही एक खेळ खेळतो. एक मुलगी स्वतःचा दिवस सांगते : 'आय गेट अप ॲट सिक्स. आय मिल्क द काऊ.' शेजारची तोच दिवस तिच्याबद्दल सगळ्यांना सांगते : 'शी गेट्स अप ॲट सिक्स. शी मिल्क्स द काऊ.' मग उलट. रोज दहा मिनिटं पुरतात. यात पुस्तकातले 'राम' आणि 'जॉन' नाहीत, आपली माणसं आहेत. शिवाय गाय, विहीर, एसटी, भाकरी हे सगळं इंग्रजीत बोलायची भीड चेपते, तो फायदा वेगळाच.

काही जण म्हणतील, इंग्रजीच्या तासाला मराठी कशाला? इंग्रजीत विचार करायला शिकवा. बोलायला छान आहे. पण पोराच्या डोक्यात मराठी आहेच, दाराबाहेर चप्पल काढावी तशी ती काढून ठेवता येत नाही. 2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानेही मुलांच्या अनेक भाषा ही वर्गातली साधनसंपत्ती मानली आहे. आणि आपल्याकडे जुन्या पिढ्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकल्या, तेव्हा मराठी वाक्य आणि इंग्रजी वाक्य समोरासमोरच असायचं. त्या पद्धतीत बोलण्याचा सराव कमी होता हे खरं, पण दोन भाषांची तुलना करायची सवय तरी लागायची. आपण तीही सोडली आणि बोलणंही आणलं नाही.

शिक्षकांना दोष देऊन मी मोकळा होत नाही. एकेका शिक्षकाकडे किती वह्या असतात, किती माहिती भरायची असते, किती सर्व्हे असतात, ते मला माहीत आहे. लाल गोल मारायला एक सेकंद लागतो, 'का चुकलं' हे लिहायला एक मिनिट, आणि ते मिनिट त्यांच्याकडे नसतं. मग निदान पाठ्यपुस्तकात प्रत्येक इयत्तेला एक पान द्या : 'मराठी बोलणारे इथे चुकतात, का चुकतात'. शिक्षकांच्या प्रशिक्षणात एक दिवस यासाठी ठेवा. याला नवी इमारत लागत नाही, टॅब लागत नाही, टेंडर लागत नाही.

आणि पालकांना एक विनंती. पोराच्या वहीत लाल गोल दिसला की ओरडू नका. "तुला असं का वाटलं?" एवढं विचारा. तुम्हाला इंग्रजी येत नसलं तरी हा प्रश्न मराठीतच विचारायचा आहे.

आमच्या त्या पोराने परवा आजोबांवर पुन्हा लिहिलं, यावेळी गाईड न बघता. 'माय ग्रँडफादर हॅज थर्टी शीप. ही नो ऑल ऑफ देम.' 'नो'ला 'एस' राहिला होता. मी विचारलं, किती आजोबा? तो हसला आणि स्वतःच 'एस' लावला.

तुमच्या घरातली पोरं कुठे अडतात ते कमेंटमध्ये मराठीत लिहा. यादी मोठी झाली की नीट मांडून ती गावातल्या शाळेला देऊ.