भिंतीला भेग पडली, खर्च कोणाचा?

भात पोटरीला आलंय, करपा अजून तरी दिसत नाही. शेताचं आज एवढंच. आज दुसऱ्या पिकाबद्दल लिहितो. आमच्या बदलापुरात भातापेक्षा तेच जास्त उगवतंय. इमारती!

ताबा मिळून दोन पावसाळे होत नाहीत तोच भिंतीला ओल, स्लॅबला गळती. मग सोसायटी घरटी वर्गणी काढते आणि लोक मुकाट्यानं देतात. का म्हणून? बियाणं उगवलं नाही तर आपण तालुका कृषी अधिकाऱ्याकडे तक्रार करतो, पंचनामा मागतो. तिथं एका पिशवीसाठी भांडतो. आणि आयुष्यभराच्या कर्जाचं घर गळलं की "इथला पाऊसच तसा"? पाऊस बिल्डरला माहीत नव्हता काय? २००५ ची २६ जुलै काय एकट्या शेतकऱ्यानं बघितली?

रेरा कायदा २०१६ चा. त्याचं कलम १४ सांगतं, ताबा दिल्यापासून ५ वर्षांच्या आत बांधकामातला दोष कळवला तर बिल्डरनं ३० दिवसांत, एक पैसा न घेता दुरुस्त करायचा. नाही केला तर भरपाई द्यायची. म्हणून फोनवर बोलत बसू नका. फोटो काढा, तारीख घाला, लेखी पत्र द्या, पोच घ्या.

आता आपल्या जमीनवाल्यांना बोलतो, राग आला तरी चालेल. "आम्ही फक्त जमीन दिली, आमचा काय संबंध?" असं म्हणून सुटता येत नाही. सरळ जमीन विकून मोकळे झालात तर गोष्ट वेगळी. पण जमिनीच्या बदल्यात फ्लॅट घेतले आणि ते विकले, तर बांधणारा आणि विकणारा दोघंही प्रवर्तक, दोघांची जबाबदारी एकत्र. कायदाच तसं म्हणतो, आणि मला ते रास्त वाटतं. अर्धेलीनं शेत केलं तर खळ्यावर वाटा घ्यायला पुढं आणि नुकसानीला मागं, असं चालतं का?

पण बिल्डर ऑफिस बंद करून जाऊ शकतो, आपलं घर गावातच असतं. नोटीस घेऊन येणाऱ्याला आपलाच दरवाजा सापडणार. तेव्हा विकसन करारनाम्यातच लिहून घ्या, ५ वर्षांची दुरुस्ती बिल्डरच्या खर्चानं, आणि तोवर त्याचा एखादा फ्लॅट विकायचा नाही. कागद आपल्या वकिलाला दाखवा, बिल्डरच्या नाही.

ज्यानं नफा खाल्ला त्यानंच भेग बुजवायची. राहणाऱ्यानं वर्गणी काढायची नाही.